उत्तरं पाठ आहेत, तरी मुलाखतीत तोंड उघडत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ३१. एका कारखान्याच्या स्टोअर विभागात सहा वर्षं नोकरी. वडिलांच्या आजारपणात घरी कोणीतरी हवं होतं म्हणून ती सोडली, त्याला आता अकरा महिने झाले. वडील बरे आहेत आणि पुन्हा अर्ज करणं सुरू आहे. बोलावणी येतात, मुलाखती होतात, पुढे काही होत नाही. ‘शंभरावर प्रश्न शोधून वहीत उतरवले, त्यांची उत्तरं लिहिली, पाठ केली. घरी घडाघडा म्हणता येतात. तिथे मात्र “स्वतःबद्दल सांगा” या पहिल्याच प्रश्नाला घसा कोरडा पडतो, आवाज कापतो, एखादं वाक्य निसटतं आणि मग सगळंच कोसळतं. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही, हेही खरं. महिनाअखेरीला स्टॉक जुळत नसे, ते मी लावून दिलं होतं, पण ते तर कामच होतं. दोन आठवड्यांनी पुन्हा एक मुलाखत आहे. ती टाळून आधी मुलाखतीचा क्लास लावू का? आणि अकरा महिने बायोडेटात दिसू नयेत म्हणून जुन्या नोकरीची तारीख थोडी पुढे ओढली तर चालेल का?’

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. ‘महिनाअखेरीला स्टॉक जुळत नसे, ते मी लावून दिलं होतं, पण ते तर कामच होतं.’ वहीबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत आणि या गोष्टीला एक ओळ दिलीत, तीही ‘पण’ लावून. माझ्या मते तुमची मुलाखत याच ओळीत दडलेली आहे. वहीतल्या शंभर उत्तरांपैकी बहुतेक कुणाचीही असू शकतात. स्टॉक जुळवल्याची गोष्ट फक्त तुमची आहे.

आधी समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा विचार करू. त्याच्यापुढे अवघड काम आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या बोलण्यावरून त्याला ठरवायचंय की हा अनोळखी माणूस उद्यापासून आपल्याकडे नीट काम करेल का. तुम्ही ‘मी मेहनती आहे, मी जबाबदारी घेते, मी टीममध्ये मिसळून काम करते’ असं म्हणालात तर त्याच्या हाताला काहीच लागत नाही, कारण आधीच्या उमेदवारानेही हेच सांगितलेलं असतं. त्याला हवा असतो पुरावा, आणि पुरावा म्हणजे घडलेलं काम.

म्हणून आता मीच तुम्हाला विचारते. स्टॉक जुळत नसे म्हणजे नेमकं काय होत असे? फरक कुठल्या मालात पडायचा, सगळ्यात की ठरावीक वस्तूंमध्ये? तो पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला? तुम्हाला कुणी सांगितलं की तुम्ही आपण होऊन मागे लागलात? आधी काय करून पाहिलं जे चाललं नाही? तुमच्या पद्धतीला कुणी विरोध केला का? आणि शेवटी काय बदललं: फरक कमी झाला, मोजणीचा वेळ वाचला, की महिनाअखेरीची धावपळ थांबली?

खरं काय घडलं ते मला ठाऊक नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेते. समजा, रात्रपाळीत दिलेल्या मालाच्या इश्यू स्लिपा सकाळी कॉम्प्युटरवर चढवल्या जात आणि त्यातल्या काही मधेच गहाळ होत. त्यामुळे रॅकवरचं बिन कार्ड, म्हणजे त्या मालाच्या आवक-जावकीच्या नोंदीचं कार्ड, एक आकडा दाखवायचं आणि कॉम्प्युटर दुसराच. तुम्ही महिनाभर फक्त फरक येणाऱ्या वस्तूंची यादी ठेवली आणि तुमच्या ध्यानात आलं की त्यातल्या बहुतेक वस्तू रात्री जाणाऱ्या आहेत. मग तुम्ही स्लिपांना क्रमांक घातले, पाळी संपताना क्रमांक तपासून सही घ्यायची पद्धत लावली. रात्रपाळीचे लोक आधी कुरकुरले. तुम्ही त्यांच्याबरोबर बसून स्लिप भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि दोन रकाने कमी केले. दोन-तीन महिन्यांत फरक किरकोळ राहिला.

बोलायला जेमतेम दीड-दोन मिनिटं लागतील. पण ऐकणाऱ्याला काय काय कळलं पाहा: तुम्ही घाईने कुणावर ठपका ठेवत नाही, आधी नोंद ठेवता, कारण शोधता, लोकांना बरोबर घेता आणि काम शेवटाला नेता. यातला एकही गुण तुम्हाला नाव घेऊन सांगावा लागला नाही. ‘ते तर कामच होतं’ म्हणता, आणि नोकरी देणारा नेमकं कामाबद्दलच विचारत असतो.

दोन आठवड्यांतला पहिला आठवडा अशा गोष्टी गोळा करण्यात घालवा. सहा वर्षांतून पाच-सहा प्रसंग पुरेत. एक, बिघडलेलं काहीतरी तुम्ही दुरुस्त केलं तो. एक, वरिष्ठांशी किंवा सहकाऱ्याशी मतभेद झाला तो. एक, तुमच्या हातून चूक झाली आणि तुम्ही ती कशी निस्तरलीत तो. एक नवीन काही शिकावं लागलं तो, एक फार घाईगर्दीतला. प्रत्येकासाठी अर्धं पान, तेही सलग वाक्यांत न लिहिता मुद्द्यांत: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. मनुष्यबळ विभागातले लोक याच रचनेला ‘स्टार’ पद्धत म्हणतात, आणि ‘अशी एखादी वेळ सांगा जेव्हा…’ असा प्रश्न आला की त्यांना हेच चार भाग ऐकायचे असतात. तिसऱ्या भागाला सगळ्यात जास्त जागा द्या. बहुतेक जण परिस्थितीचं वर्णन करण्यातच वेळ घालवतात आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात उरकतात.

इथे आपल्या बोलण्यातली एक सवय आड येते. ‘मी केलं’ म्हणताना आपल्याला संकोच वाटतो, आढ्यता वाटते, म्हणून आपण ‘आम्ही केलं’, ‘ते करण्यात आलं’ असं म्हणतो. घरात, शेजारीपाजारी ही नम्रता शोभते. मुलाखतीत मात्र तिच्यामुळे ऐकणाऱ्याला कळतच नाही की तुमचा वाटा कोणता. चौघांनी मिळून केलेलं काम चौघांचं म्हणूनच सांगा, पण त्यातलं तुमचं काम ‘मी’ म्हणून वेगळं काढा. आकडे आठवत नसतील तर ‘साधारण’, ‘अंदाजे’ म्हणा, फुगवू नका. आणि जुन्या कंपनीचे दर, पुरवठादारांची नावं, आतल्या भानगडी सांगू नका. तसं सांगणारा माणूस उद्या आपल्याबद्दलही बाहेर बोलेल, हे समोरच्याच्या मनात येतंच.

आता वहीकडे वळते. पाठांतरात तुम्ही कमी पडलात असं मला वाटत नाही. अडचण पाठांतरातच आहे. पाढा म्हणताना मधला आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तसं पाठ केलेल्या उत्तराचं होतं: एक वाक्य निसटलं की पुढची सगळी त्याच्याबरोबर जातात. प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत आला तरी साखळी तुटते. प्रसंग आठवताना असं होत नाही. तिथे तुम्ही वाक्यं शोधत नसता, घडलेलं पाहत असता. मधे कुणी काही विचारलं तरी उत्तर देऊन पुन्हा तिथेच येता येतं.

सरावाची रीतही त्यामुळे बदलते. टिपणं पुन्हा पुन्हा वाचली की आपल्याला सगळं येतं असं वाटू लागतं, आणि ते वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांची कामगिरी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत सरस होती, पण आठवड्याने चाचणी घेतल्यावर चित्र उलटलं: उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिलं. तेव्हा टिपण मिटा आणि मोठ्याने बोला. मनातल्या मनात नको, कारण मनात आपण अडखळतच नाही. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं वाटतं, पण लांबण कुठे लागते आणि मूळ मुद्दा कधी येतो हे त्याशिवाय कळत नाही. तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी वेगळ्या शब्दांत सांगा. शब्द बदलूनही गोष्ट पुरी झाली, की ती तुमची झाली असं समजा.

मग एखाद्या माणसाला समोर बसवा. शक्यतो कौतुक करणारं माणूस नको, मधेच ‘म्हणजे काय?’, ‘पण हे तुम्ही का केलं?’ असं विचारणारं हवं.

‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाची तुम्हाला सर्वाधिक भीती आहे. इथे जन्म, शाळा, घर, छंद असा क्रम लावायची गरज नाही. तो तपशील त्यांच्या हातातल्या कागदावर आहे. मिनिट-दीड मिनिटात तीन गोष्टी पुरतात: मी काय काम करत आले, त्यात मला काय चांगलं जमतं, आणि या जागेसाठी का आले. तुमच्या पत्रावरून ते साधारण असं होईल: ‘मी सहा वर्षं एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. माल येण्यापासून तो खात्यांना देण्यापर्यंतच्या नोंदी माझ्याकडे होत्या. महिनाअखेरीला साठ्याचा ताळमेळ लागत नसे, तो लावायची पद्धत मी बसवली आणि तेव्हापासून हेच काम मला सगळ्यात आवडायला लागलं. घरच्या कारणाने काही महिने थांबले होते, आता ते कारण संपलंय. तुमच्या जाहिरातीत साठा नियंत्रणावर भर दिसला, म्हणून अर्ज केला.’ हे पाठ करू नका. फक्त पहिलं वाक्य पक्कं ठेवा. घसा कोरडा पडतो तो पहिल्या वाक्यालाच. ते बाहेर पडलं की पुढचं बोलणं सुटतं.

जाहिरातीवरून आठवलं. तुम्ही सगळीकडे एकच तयारी घेऊन जाता असं पत्रावरून वाटतं. या मुलाखतीची जाहिरात समोर घ्या आणि त्यातली कामं, म्हणजे ‘नोंदी ठेवणे’, ‘पुरवठादारांशी समन्वय’, ‘अहवाल तयार करणे’ अशी जी असतील ती, एकेका ओळीत उतरवा. प्रत्येक ओळीसमोर तुमचा कुठला प्रसंग बसतो ते लिहा. एखादी ओळ रिकामी राहिली तर घाबरू नका. तिथे प्रश्न येणार हे आताच कळलं, आणि दोन आठवड्यांत तेवढी बाजू सुधारता येते. कंपनीची माहिती काढताना स्थापनेचं साल पाठ करण्यापेक्षा ते काय बनवतात, कुणाला विकतात आणि तुमचं काम त्यात नेमकं कुठे येतं हे समजून घ्या.

आता अकरा महिने. तारीख ओढू नका, हे माझं ठाम सांगणं आहे. जुन्या नोकरीच्या तारखा पडताळून पाहणं अवघड नसतं, अनुभवाच्या दाखल्यावर त्या छापलेल्याच असतात. पण पडताळणी झालीच नाही असं धरलं, तरी खोटी तारीख सांभाळत मुलाखत द्यायची म्हणजे मनाचा एक कोपरा सतत पहाऱ्यावर बसवायचा. आवाज आधीच कापतो म्हणता, त्यावर हे ओझं कशाला? शिवाय तुम्ही लपवता आहात त्यात लपवण्यासारखं आहे तरी काय? वडिलांना तुमची गरज होती आणि तुम्ही थांबलात. दोन वाक्यांत सांगा: ‘वडिलांच्या आजारपणात घरी थांबणं आवश्यक होतं, म्हणून नोकरी सोडली. आता ते बरे आहेत आणि मी पूर्णवेळ कामासाठी मोकळी आहे.’ एवढ्यावर थांबा. आजाराचा तपशील, माफीचा सूर, ‘नाहीतर मी सोडलीच नसती’ अशी सारवासारव, काही नको. आपण जितका वेळ त्या विषयावर घुटमळतो तितका तो समोरच्याला मोठा वाटायला लागतो. या काळात कामाशी संबंधित काही केलं असेल, स्प्रेडशीटचं एखादं शिक्षण, कुणाच्या हिशेबाला मदत, तर ते जोडा. नसेल केलं तर ओढूनताणून आणू नका.

मुलाखत टाळायची का? नाही, टाळू नका. खऱ्या मुलाखतीइतका सराव दुसरीकडे मिळत नाही आणि ही जागा तुमच्या कामाशी जुळणारी आहे. क्लासबद्दल मात्र सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. तिथे खोट्या मुलाखती घेऊन, त्या रेकॉर्ड करून, तुमच्या बोलण्यातलं नेमकं काय खटकतं ते सांगत असतील तर पैसे सार्थकी लागतील. तयार उत्तरांची पुस्तिका हातात ठेवत असतील तर तुमच्या वहीत आणखी शंभर पानांची भर पडेल, बस. चौकशी करताना एकच विचारा: प्रत्येक तासाला मला स्वतःला किती मिनिटं बोलायला मिळेल?

घशाला कोरड पडणं, हात थरथरणं पूर्ण जाणार नाही, आणि गेलंच पाहिजे असंही नाही. आपली घाबरगुंडी जगाला जितकी दिसते असं आपल्याला वाटतं, तितकी ती दिसत नाही. सॅव्हित्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ सालच्या अभ्यासात भाषण करणाऱ्यांनी स्वतःला जितकं घाबरलेलं मानलं, तितके ते श्रोत्यांना घाबरलेले वाटलेच नव्हते. त्यातला मला आवडलेला भाग पुढचा आहे: ही गोष्ट आधीच समजावून सांगितलेल्या लोकांची भाषणं अधिक चांगली झाली. म्हणजे तुम्ही आत्ता हे वाचलंत त्याचाही उपयोग होऊ शकतो. दुसरं, आत जाण्यापूर्वी स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ म्हणत बसू नका. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांचं भाषण ऐकणाऱ्यांना अधिक प्रभावी वाटलं. धडधडणाऱ्या छातीला गप्प बसवणं कठीण. त्या धडधडीला उत्साह म्हणणं त्यामानाने सोपं. आणि वाक्य निसटलंच तर दोन सेकंद थांबा, ‘हे मी पुन्हा नीट सांगते’ म्हणा आणि सांगा. असं म्हणणारा उमेदवार मला तरी अधिक भरवशाचा वाटतो.

एखादा प्रश्न असा येईल की उत्तर माहीतच नसेल. थॉमस एडिसन नोकरीसाठी येणाऱ्यांना सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची लांबलचक यादी देत असे. १९२१ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या आइन्स्टाइनना कुणीतरी त्या यादीतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, मला आकडा तोंडपाठ नाही, पुस्तकांत सहज सापडणारी माहिती मी डोक्यात बाळगत नाही. तुम्हाला ‘पुस्तकात सापडेल’ म्हणून सुटता येणार नाही, पण ‘हे मला माहीत नाही, अशी वेळ आली तर मी आधी अमुक तपासेन, मग अमुक माणसाला विचारेन’ असं म्हणता येईल. हा विचार करण्याचा क्रम ऐकायलाच पुष्कळदा प्रश्न विचारलेला असतो. थापा मारलेल्या मात्र पुढच्याच प्रश्नात उघड्या पडतात.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतील, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. ही जागा नवी आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? पहिल्या तीन महिन्यांत या माणसाने काय केलं तर तुम्हाला समाधान वाटेल? सध्या स्टोअरची सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती? उत्तरं कान देऊन ऐका, कारण ही नोकरी तुम्हाला हवी आहे का हे तुम्हालाही ठरवायचंय. पगाराचं बोलणं निघालं तर बाजारात अशा कामाला काय मिळतं ते आधी पाहून ठेवलेलं असू द्या आणि ज्याच्या खाली जायचं नाही तो आकडा घरीच ठरवा. कपडे, वेळेआधी पोहोचणं, कागदपत्रांच्या प्रती हे तुम्ही सांभाळत असणारच. मुलाखत व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, उजेड पाठीमागून येऊ देऊ नका आणि आदल्या दिवशी कुणाला तरी कॉल करून आवाज तपासा.

आधीच्या नकारांबद्दल एकच सांगते. ‘आपल्यात काही नाही’ असा त्यांचा अर्थ तुम्ही लावलाय. मुलाखत घेणाऱ्यांचा अंदाज तितका अचूक नसतो. डाना, डॉज आणि पीटरसन यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात मुलाखत देणाऱ्या काहींना विशिष्ट सूत्राने, म्हणजे जवळजवळ छापा-काट्यासारखी, हो-नाहीची उत्तरं द्यायला सांगितलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांना ते कळलं नाही आणि आपल्याला माणूस समजला असं त्यांना वाटत राहिलं. तेव्हा नकारातून शिकण्यासारखं जेवढं असेल तेवढं घ्या. तुमच्या सहा वर्षांच्या कामाचं मोल त्यावरून ठरवू नका.

यासाठी मुलाखत झाली त्याच संध्याकाळी, आठवणी ताज्या असताना, कोणते प्रश्न आले आणि कुठे अडखळायला झालं ते लिहून ठेवा. वहीची उरलेली पानं याला वापरा. दुसऱ्या दिवशी आभाराचा दोन-तीन ओळींचा मेल पाठवा. मुलाखतीतून उठण्यापूर्वी ‘निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल?’ हे विचारून या आणि ती तारीख उलटल्यावर दोन-तीन दिवसांनी निःसंकोच विचारणा करा. उत्तर नकाराचं आलं तर ‘माझ्यात काय कमी वाटलं ते सांगू शकाल का?’ एवढं विचारा. पुष्कळ जण उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांच्याकडून पुढच्या मुलाखतीच्या उपयोगाचं काहीतरी हाती लागतं.